काकूंच्या हातातला माणूस

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत काकू घराबाहेर पडल्या की सगळ्या जिन्याला कळायचं. आधी सिलिंडर बंद केला का ते बघायचं, मग गीझर, मग मोरीतला नळ, मग बाल्कनीची कडी. कुलूप लावायचं आणि ओढून बघायचं. लिफ्टपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळलाय आणि ह्या वर दारासमोर उभ्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. एकदा मी विचारलं, कुलपासमोर स्तोत्र म्हणता का हो? तर म्हणाल्या, "'लागलंय' असं म्हणते. मोठ्यानं म्हटलं नाही तर रिक्षात बसल्यावर आठवत नाही."

मी त्यांचा भाडेकरू. फ्लॅटची बाहेरची खोली त्यांनी मला दिली होती, वेगळ्या दाराची. मी यवतमाळकडचा, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होतो. काकू आधी एका शाळेत शिवण शिकवायच्या, आता निवृत्त. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. त्यामुळे त्यांची सगळी काळजी सोसायटीत वाटली जायची आणि मी सगळ्यात जवळ राहायला असल्यामुळे मोठा वाटा माझ्या वाट्याला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसलोय आणि फोन: "तुझ्या खोलीतला पंखा चालू आहे असा आवाज येतोय. मी उघडून बंद करू का?" पंखा बंदच असायचा. पण त्यांनी विचारल्यावर मलाही खात्री राहायची नाही. ह्या काळजीची लागण होते हो, खरं सांगतो. पुण्यात येण्याआधी मी कुलूप ओढून बघत नव्हतो. आता दोनदा बघतो.

स्वतःचं कुलूप ओढून त्यांचं भागायचं नाही. जिना उतरताना ज्यांच्या ज्यांच्या दाराला कुलूप दिसेल ते त्या ओढत उतरायच्या. जुन्या लोकांना सवय होती. दुसऱ्या मजल्यावर एक नवीन जोडपं आलं, त्यातला नवरा दुपारी लवकर घरी आला, तर एक बाई त्याच्या दाराचं कुलूप दोन्ही हातांनी खेचतेय. त्यानं आरडाओरडा करून वॉचमनला बोलावलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "चोर असते तर तोडलं असतं. ओढून कशाला बघत बसले असते? आणि हलकं कुलूप आहे तुमचं, बदला." त्यानं बदललं. काकूंनी नवीन कुलूपही ओढून पाहिलं आणि पास केलं.

त्यांची पिशवी तर विचारूच नका. मंडईत मेथी आणायला निघालेली बाई पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी, नायलॉनची दोरी, सुईदोरा, साखरेची पुडी, टॉर्च आणि टॉर्चला सेल आहेत की नाही हे बघायला आणखी एक छोटा टॉर्च घेऊन निघते. कशाला म्हटलं की एकच शब्द. "लागेल."

आणि लागायचं, हे त्यातलं दुःख. मी राहायला आलो त्याच महिन्यात आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो. दिवे गेले, पंखा गेला, मला घाम फुटला. मी बटणं बडवतोय, ओरडतोय. काकूंनी टॉर्च काढला, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, स्वतः खाली बैठक मारली आणि शेंगदाण्याची चिक्की मोडून अर्धी मला दिली. त्या एवढ्या शांत मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. म्हटलं, काकू, भीती नाही वाटत? तर म्हणतात, "अडकल्यावर काय घाबरायचं? घाबरायचं ते अडकायच्या आधी. मी आधीच घाबरून घेतलंय."

त्यांच्या घाबरण्याला कारण होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं, त्याही लपवत नसत. काका एका सकाळी घरातल्या कपड्यांवर दूध आणायला बाहेर पडले आणि रस्त्यात कोसळले. खिशात सुटे पैसे सोडून काही नाही. कोण, कुठले, कुणाला कळवायचं, लोकांना समजेना. काकू दुपारपर्यंत चहाचं आधण पुन्हापुन्हा तापवत बसल्या होत्या. तेव्हापासून घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असलीच पाहिजे असा त्यांचा कायदा. माझ्याही पाकिटात त्यांनी स्वतः लिहून घातली होती. आधार कार्ड आहे हो त्यात, म्हटलं. "त्यावर यवतमाळ आहे. तिथून कोण येणार लगेच?"

तर अशा या बाईच्या हातात मी माझा गेम दिला.

झालं असं, की कंपनीनं माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मी घरी नोकरी सुटल्याचं सांगितलं, कंपनीनं ठेवलं नाही हे नाही सांगितलं. सांगितलं की आता मी गेम बनवणार. अॅडव्हेंचर गेम. लहानपणापासून डोक्यात होतं: एक माणूस, एक नकाशा, जंगल, भुयार, नदी आणि नदीपलीकडे पणजोबांनी पुरलेला खजिना. वडिलांचं गावाकडे बी-बियाणं आणि खताचं दुकान. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाय. नाई जमलं तं ये घरी. मले दुकानात माणूस पायजेच हाय." रागावले असते तर बरं झालं असतं. इतक्या शांतपणे म्हणाले की फोन ठेवल्याबरोबर मी कॅलेंडरमध्ये दसरा कधी आहे ते पाहिलं.

वाघोलीला एक छोटा गेम स्टुडिओ होता, त्यांना एक नवीन माणूस घ्यायचा होता. तिथल्या मुख्य माणसानं माझं काम दहा मिनिटं पाहिलं, दाढी खाजवली आणि एक अट घातली. ज्यानं आयुष्यात गेम खेळला नाही असा एक माणूस पकडायचा. त्यानं पहिल्या खोलीपासून शेवटापर्यंत खेळायचं. अडला तर गेम दुरुस्त करायचा, पण खेळताना आपण एक शब्द सुचवायचा नाही, माऊसला हात लावायचा नाही. स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचा. "एक जरी माणूस शेवटाला पोचला, तर पाठव. नाही पोचला तर पाठवूच नकोस." दसऱ्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.

मित्रांना दिला. सगळे भुयारात अडकले. भुयारात काडेपेटी लागते, ती पहिल्या खोलीत उचलावी लागते, न उचलता भुयारात शिरलं की संपलं, परत यायला रस्ताच नाही. मी तसा ठेवलाच नव्हता. हे मला अवघड आणि भारी वाटत होतं. मित्र म्हणाले, "मस्त आहे रे, एक नंबर," आणि पुन्हा कुणी उघडला नाही. मग मला लिफ्ट आठवली. काडेपेटी न घेता बाहेर पडणार नाही असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता.

काकूंना माऊस धरायला शिकवलं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी शेजारी तोंड शिवून बसलो. पहिली खोली दिसली, त्यात माझा माणूस उभा. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, याच्या घरात कोणी नाही का? मला बोलायची बंदी. खजिना शोधायला निघालाय हे वाचल्यावर म्हणाल्या, "का? नोकरी नाही वाटतं." तेही मी ऐकून घेतलं.

मग त्यांनी उचलायला सुरुवात केली. काडेपेटी, दोरी, तांब्या, घोंगडी, सुरी. मी त्या माणसाच्या पिशवीत मोजक्याच वस्तू मावतील असं ठेवलं होतं, खेळणाऱ्यानं विचार करावा म्हणून. काकू विचार करत बसल्या त्या बसल्याच. तांब्या ठेवला की पाण्याची चिंता, घोंगडी ठेवली की थंडीची. एक दुपार गेली, दुसरी गेली, तिसऱ्या दुपारीही तो माणूस खोलीतच. बाहेर पडेचना. शेवटी मी हात टेकले आणि पिशवी मोठी केली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या छत्रीवर गेली. क्लिक करतायत, करतायत, छत्री काही येईना. खेळ थांबवून मी सांगितलं, काकू, ती नुसती चित्रात आहे, शोभेला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतल्या शिवणाच्या तासाला पोरी का रडत असतील ते मला कळलं. "जी घेता येत नाही ती टांगलीस कशाला?" मी छत्री घेता येईल अशी केली.

तो माणूस एकदाचा घराबाहेर पडला. जंगलाच्या तोंडाशी पोचला आणि काकूंनी त्याला मागे वळवला. दार बघायला! मी बंद दाराचं चित्रच काढलं नव्हतं, त्यामुळे परत आलं की दार सताड उघडं. त्या संध्याकाळी काकू नीट जेवल्या नाहीत. घर उघडं टाकून गेला, असं दोनदा स्वतःशीच म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी दार केलं, कुलूप केलं, कुलूप ओढता येईल असं केलं, ओढलं की 'खट' असा आवाज केला. तो आवाज ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी अजून कुठल्याही खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मग त्याच्या खिशात चिठ्ठी पाहिजे म्हणाल्या. तीही घातली.

असं चाललं होतं. दिवसा त्या खेळायच्या, संध्याकाळी मी दुरुस्त करायचो. भुयारातून परतीची वाटही केली, कारण काकू परतीची वाट दिसल्याशिवाय आत पाऊल टाकत नव्हत्या. भुयार पार व्हायला आठवडा गेला. मी त्या दिवसांत नखं खाऊन संपवली. सकाळी उठलो की पहिला विचार शनिवारचा, दात घासताना शनिवार, पोहे खाताना शनिवार. तिकडून वडिलांचा फोन, तोही काकू समोर असताना: दुकानात माझ्यासाठी वेगळं टेबल केलंय. आई मागून म्हणत होती, त्याले आत्ताच नको सांगू.

शनिवार उजाडला. काकूंचा माणूस नदीवर पोचला. शेवटचं चित्र. काठाला नाव लागलेली, नावेत नावाडी. एक क्लिक, माणूस नावेत बसणार, नाव धुक्यात जाणार, पडदा काळा आणि 'समाप्त'. बस. एक क्लिक.

काकू माऊस धरून बसल्या. नावेकडे बघितलं, नदीकडे बघितलं. बाण नावेवर नेला, बाजूला घेतला. मग हळूच त्या माणसाला मागे वळवून भुयाराकडे न्यायला लागल्या.

मी इतके दिवस तोंड शिवून बसलो होतो. ते सुटलं. कुठे नेताय त्याला, म्हणालो. घरी, म्हणाल्या. या नावेला परतीचं काही दिसत नाही, पलीकडे काय आहे ते दिसत नाही, नावाडी तोंड फिरवून बसलाय, एवढं काय अडलंय त्याचं खजिन्यावाचून. त्याचं घर चांगलं आहे, कुलूप नीट लागतं.

"काकू, तो खरा नाहीये हो!" मी ओरडलोच.

"माहितीये मला. वेडी नाहीये मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पण बटण मी दाबणार ना?"

तिथं बसलो असतो तर आणखी काहीतरी वाईट बोललो असतो. मी चप्पल घातली आणि खाली आलो. पार्किंगमध्ये फेऱ्या मारत राहिलो. वडिलांना फोन लावला आणि सांगून टाकलं, येतो दसऱ्याला. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, जेवला का? मला रडू येत होतं, चक्क. इतक्या वर्षांचं डोक्यातलं सगळं एका म्हाताऱ्या बाईच्या बोटापाशी येऊन थांबलं होतं आणि तिचा रागही धड येत नव्हता.

वर आलो तर पडदा काळा. 'समाप्त'. टेबलापाशी कोणी नाही. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दाबलं. पाठव ते काय पाठवायचंय ते. सहा वाजत आले."

मी रेकॉर्डिंग जसंच्या तसं पाठवलं. ऐकायला वेळ नव्हता आणि माझा ओरडलेला आवाज पुन्हा ऐकायची हिंमतही नव्हती. त्या रात्री काकू दाराची कडी पुन्हापुन्हा बघत राहिल्या. रविवार तसाच गेला. सोमवारी मी बॅग भरायला काढली, तर त्यांनी ती न बोलता परत कपाटावर ठेवली. मंगळवारी सकाळी वाघोलीहून फोन आला, या म्हणून.

स्टुडिओत त्या दाढीवाल्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, गेममध्ये ढिगानं चुका आहेत. मी मान हलवली. मग त्यानं विचारलं, शेवट ऐकलास का? नाही म्हटलं, मी तेव्हा खाली होतो. त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला.

दार आपटल्याचा आवाज आला, म्हणजे मी बाहेर पडलो तो. मग पंख्याची घरघर तेवढी. स्क्रीनवर तो माणूस भुयाराच्या तोंडाशी उभा. मग काकूंचा आवाज, हळू, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा.

"ऐक. मला तुला पाठवायचं नाहीये. माझ्यावर असतं तर आत्ता तुला घरी नेलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. पण तू नाही गेलास तर तो जाईल. त्याचे वडील बोलावतायत. दुकानात बसवतील त्याला. करेलही बिचारा, नाही म्हणणार नाही." मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "आणि खोली मी दुसऱ्या कुणाला देणार नाहीये, पुन्हा कुणाशी एवढी ओळख करून घ्यायचं त्राण नाही माझ्यात. चल. छत्री आहे ना? पाण्यात हात घालू नकोस. घट्ट धरून बस."

तो माणूस वळला, काठापर्यंत आला. बाण नावेवर गेला. बाजूला झाला, पुन्हा नावेवर आला. मग क्लिक झालं.

मी हेडफोन काढला. दाढीवाला खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, चुका सुधारायला शिकवता येतं, एक तारखेपासून ये. मी थँक यू म्हणालो की नाही ते मला आठवत नाही. बाहेर येऊन नगर रोडवर एका टपरीच्या मागे उभा राहिलो आणि डोळे पुसले. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "चांगलं झालं बाप्पा. टेबल काय, माल ठेवाले कामी येते." त्यांच्या आवाजात थोडं वाईट वाटलेलं ऐकू आलं, तेही लक्षात राहिलंय.

आता ती सोसायटी पाडून नवीन बांधतायत. काकू विश्रांतवाडीला भाचीकडे राहायला गेल्या, मी वाघोलीत. पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. मी बसेस बदलत संध्याकाळी घरी पोचलो. काकू दारातच होत्या. रेकॉर्डिंगचं मी काही बोललो नाही, बोललो असतो तर त्या पुन्हा कधी माझ्याशी धड बोलल्या नसत्या. म्हटलं, काकू, नोकरी लागली.

"ते तुझ्या तोंडावर दिसतंय. तो पोचला का, ते सांग."

"कोण?"

"तुझा माणूस. नाव धुक्यात गेली आणि सगळं काळं झालं. पलीकडे उतरला की नाही, काही कळायला मार्ग नाही."

पलीकडचा काठ मी काढलाच नव्हता. मला कधी सुचलंच नव्हतं की कुणी एवढं विचारेल.

"पोचला, काकू," मी म्हणालो. "सुखरूप पोचला."

"मग सांगायचं ना रे. शनिवारपासून जीव टांगणीला लागलाय माझा." त्यांनी पदरानं डोळ्यांची कड पुसली आणि पानं घ्यायला आत गेल्या. मी हात धुतले, जेवलो, आणि ताट उचलल्यावर त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून पलीकडचा काठ काढायला बसलो.